झालं म्हणेपर्यंत

आमचे सर कुठलीही वस्तू बंद करण्याआधी "हात!" असं मोठ्यांदा ओरडायचे. कपाट, टेबलाचा खण, स्कूटरची डिकी, लिफ्टचा जाळीचा दरवाजा, ऑफिसचं शटर, एवढंच काय, जेवणाचा डबासुद्धा. ओरडायचे आणि थांबायचे. आसपासचं कुणीतरी काहीतरी बोलेपर्यंत कडीवर हात ठेवून तसेच उभे. "हो सर", "लावा सर", नुसतं खाकरलेलंही चालायचं, पण आवाज यायला हवा. मग ती वस्तू ते इतक्या हळू लावायचे की लागली की नाही हे मला पुन्हा जाऊन बघावं लागायचं.

मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी माझे कागद खणात ठेवले आणि "हात!" म्हणून असे काही ओरडले की मी पोलिसांनी पकडल्यासारखे दोन्ही हात वर केले. त्यांनी समाधानाने खण लावला आणि म्हणाले, "सोमवारपासून ये." मी काय शिकले, किती टक्के पडले, काही विचारलं नाही. घरी येऊन आईला सांगितलं, नोकरी लागली, पण साहेब जरा सटकलेला आहे.

अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवचा सुमार असेल. मी घोटीची. भाताच्या गिरण्यांच्या घरघरीत वाढलेली, त्यामुळे आवाज मोठा आणि जीभ त्याहून मोठी. कॉम्प्युटरची पदवी नुकतीच हातात पडली होती आणि आपल्याला सगळं येतं असा ठाम समज होता. रोज एस.टी.ने नाशिक गाठायचे, तिथून सिडको. अंबडच्या रस्त्याला, एका पिठाच्या गिरणीच्या वर, दोन खोल्यांचं आमचं ऑफिस. सर, मी आणि तीन कॉम्प्युटर. सकाळी कीबोर्डवर पिठाचा पातळ थर असायचा, तो पुसला की दिवस सुरू. अंबडच्या कारखान्यांना लागणारी छोटीमोठी सॉफ्टवेअरं आम्ही लिहायचो. कुणाचं हजेरीचं, कुणाचं स्टोअरचं.

सर तेव्हा पन्नाशीचे होते. तरुणपणीची वीस वर्षं त्यांनी एका कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये काढली होती. प्रेस म्हणजे छापखाना नव्हे. पत्र्यावर दाब देऊन तो कापणारं, वाकवणारं अवजड यंत्र. ती नोकरी त्यांनी मध्येच सोडली आणि बेचाळिसाव्या वर्षी, सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसून, कॉम्प्युटरचा क्लास केला. का सोडली ते कधी सांगत नसत. कारखान्याच्या सवयी मात्र सुटल्या नव्हत्या. खिशात पेनाऐवजी व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचे दशांश मोजणारं ते लोखंडी माप. ते सर थेट मॉनिटरच्या काचेला लावायचे.

"घोटी, तुझं हे बटण एक मिलिमीटर डावीकडे गेलंय."

मला त्यांनी नावाने कधीच हाक मारली नाही. घोटी म्हणजे मी.

"सर, दुसऱ्या मॉनिटरवर ते वेगळं भरेल."

"भरू दे. इथे तरी सरळ कर."

मी एखादा प्रोग्रॅम दाखवला की तो काय काम करतो याकडे सरांचं लक्षच नसायचं. खिडकी कधी मिटते, यादी कधी मिटते, मिटताना आतलं काही हरवतं का, एवढंच ते बघायचे. बोट पडद्यावर रोखून विचारायचे, "हे आत्ता बंद झालं ते कुणाच्या हुकमाने?" मी म्हणायचे, आपोआप झालं. 'आपोआप' या शब्दाचं त्यांना वावडं होतं. "उघडायला कुणालाही येतं," ते म्हणायचे, "बंद करायला अक्कल लागते." हे वाक्य मी दिवसातून चार वेळा ऐकायचे आणि त्यांची पाठ वळली की त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायचे. दाखवायला समोर कुणी नसायचं, ही गोष्ट वेगळी.

मी लागले त्याच वर्षी एका प्रेसशॉपच्या स्टोअरचं काम आलं. सरांचा जुना कारखाना तो. याआधी दोनदा त्यांचं काम आलं होतं आणि सरांनी दोन्ही वेळा "वेळ नाही" असं धडधडीत खोटं सांगितलं होतं. या वेळी मात्र फोनवर त्यांनी विचारलं, "कॉम्प्युटरवर बसणार कोण?" पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, पण लगेच हो म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आत तू जायचंस. मी गेटपर्यंत सोडीन."

आणि खरोखरच गेटपर्यंतच सोडायचे. स्कूटर समोरच्या चहाच्या टपरीला लावायची, बाकावर बसायचं आणि मी परत येईपर्यंत गेटकडे पाठ करून चहा प्यायचा. मला वाटायचं, काहीतरी जुनं भांडण असणार.

स्टोअरचं काम सोपं होतं. कामगार खिडकीशी येऊन सामान मागणार, नट, बोल्ट, स्प्रिंग, हातमोजे, तेल. स्टोअरवाल्याने माऊसचं उजवं बटण दाबायचं, की पडद्यावर सामानाची छोटी यादी उघडते. तिला मेनू म्हणायचं. त्यात हव्या त्या वस्तूंवर खुणा करायच्या आणि चिठ्ठी छापायची. मी आठ दिवसांत ते लिहून काढलं आणि ऐटीत दाखवायला गेले.

स्टोअरमध्ये होते मामा. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. त्र्यंबकेश्वरच्या पलीकडच्या गावचे, बुटके, हसऱ्या डोळ्यांचे, एक हात कायम पँटच्या खिशात. शेजारी त्यांचे मॅनेजर उभे राहिले. मामांनी डाव्या हाताने माऊस धरला, यादी उघडली, बाण सरकवत सरकवत बोल्टपाशी नेला आणि बटण दाबलं. दाबताना माऊस इंचभर सरकला, क्लिक यादीच्या बाहेर पडलं आणि यादी मिटली.

"पळाली," मामा म्हणाले.

"पुन्हा उघडा."

पुन्हा उघडली, पुन्हा पळाली. तिसऱ्यांदा बोल्टवर खूण बसली, पण एक खूण केली की मेनू मिटतोच, म्हणून स्प्रिंगसाठी परत उघडली, ती परत पळाली.

"लाजाळूचं झाड हाय का काय हे? हात लावला की मिटतंय."

मॅनेजर घड्याळाकडे बघत होते आणि माझं पित्त खवळलं. "अहो मामा, उजव्या हाताने धरा ना! डाव्या हाताने काय खेळ लावलाय?"

मामांनी खिशातला हात काढून टेबलावर ठेवला. अंगठा होता, करंगळी होती. मधली तीन बोटं मुळापासून नव्हती.

"ह्यानं नाय धरता येत, म्याडम," ते म्हणाले. रागाने नाही, माझीच समजूत घातल्यासारखे. मला वाटलं, जमीन दुभंगून मला आत घेईल तर बरं.

मॅनेजर वाईट माणूस नव्हते, पण त्यांनाही वरून रेटा होता. ते म्हणाले, "महिनाभर बघू. मामांना जमलं तर त्यांच्याइतकं स्टोअर कुणाला माहीत नाही. नाही जमलं तर इथे डिप्लोमावाला मुलगा घेऊ आणि मामांना गेटवर बसवू." गेटचं काम कंत्राटदाराकडे होतं. गेटवर म्हणजे कारखान्याच्या पटावरून नाव कमी. मामांची नऊ वर्षं नोकरी बाकी होती आणि मुलगी नर्सिंगला होती. हे सगळं मामांसमोरच बोललं गेलं आणि मामा मान डोलावत ऐकत होते.

बाहेर येऊन मी सरांना सगळं सांगितलं. "त्यांच्या उजव्या हाताला बोटंच नाहीत, सर."

"माहीत आहे," सर म्हणाले आणि चहाचा ग्लास अर्धा तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले ते उजवा हात गळ्यातल्या झोळीत बांधून. मी घाबरून विचारलं, काय मोडलं? "काही नाही. आठवडाभर तो नाही," एवढंच म्हणाले. मग सुरू झालं ते डाव्या हाताचं व्रत. माऊस डाव्या हाताने. कुलूप डाव्या हाताने. स्कूटर जमेना म्हणून घरून चालत यायचे. जेवतानाही डावा हात पुढे झाला, तेव्हा मात्र डबा घेऊन आलेल्या काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, माझ्यासमोरच कडाडल्या, "अन्नाला डावा हात? निदान चमचा तरी घ्या!" काकू घरी ब्लाउज शिवायच्या, बोलणंही कात्रीसारखं. सरांनी निमूटपणे चमचा घेतला. तोही तोंडाऐवजी दोनदा हनुवटीला लागला आणि मी इतकी हसले की ठसका लागला.

आठवड्याअखेर त्यांनी मला समोर बसवलं. "हा मेनू चालायचा नाही."

"सर, हा माझा मेनू नाही, विंडोजचा आहे. सगळ्या जगात तो असाच मिटतो. एक वस्तू निवडली की मिटायचं, बाहेर क्लिक झालं की मिटायचं."

"सगळ्या जगाला दहा बोटं आहेत का?"

"मग काय आता विंडोज बदलायची?"

"नाही. तो मेनू वापरायचाच नाही. आपण आपला लिहायचा. मेनूसारखी दिसणारी आपलीच एक छोटी खिडकी. ती कधी मिटायची ते आपण ठरवायचं."

"त्याला महिना जाईल."

"महिनाच आहे," सर म्हणाले.

मला मनातून ते सगळं वेडेपणाचं वाटत होतं. पण माझं ते "काय खेळ लावलाय" डोक्यातून जात नव्हतं, म्हणून बसले लिहायला.

पहिला मेनू सरांनी सांगितला तसा केला. मिटण्याआधी तो दर वेळी विचारायचा, 'बंद करू का?' सर खूश. मी तो मामांकडे बसवून आले. तीन दिवसांनी बघते तर मामा तो प्रश्न न वाचताच फटाफट 'हो' दाबत होते. "लय विचारतंय ओ," मामा म्हणाले, "सासूबाई बरी." सरांना हे सांगितल्यावर मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "न वाचता दिलेलं उत्तर हे उत्तर नव्हे. काढून टाक." तो प्रश्न मग त्यांनीच माझ्या हातातून माऊस घेऊन काढून टाकला.

दुसरा मेनू कशानेच मिटायचा नाही. त्याच्या तळाशी एकच बटण होतं, त्यावर 'झालं' लिहिलेलं. तेव्हा आमच्या मशीनवर मराठी अक्षरं धड उमटत नसत. सरांनी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने 'झालं' काढलं आणि मी चौकटीमागून चौकट रंगवत त्याचं चित्र केलं. "क्लोज नको, ओके नको," ते म्हणाले होते. "माणूस काम संपवून काय म्हणतो? झालं म्हणतो. तो झालं म्हणेपर्यंत आपण मिटायचं नाही." खुणा हव्या तेवढ्या करा, क्लिक कुठेही पडू द्या, मेनू ढिम्म. मामांना हा आवडला. पण मामा जेवायला गेले की त्याच कॉम्प्युटरवर मॅनेजर पत्रं लिहायचे. त्यांचा फोन आला, "अहो, तुमचे नट-बोल्ट माझ्या पत्रावर येऊन बसलेत! हटतच नाहीत!"

"मामांनी झालं म्हटलं नसेल," सर शांतपणे म्हणाले.

"मामा जेवायला गेलेत!"

"मग जेवून येऊ द्या," असं म्हणून सरांनी फोन ठेवला आणि मी कपाळाला हात लावला. अर्ध्या तासात मीच धावत गेले.

त्या दिवशी मामा जेवून आले आणि मला म्हणाले, "बस पोरी, चहा घे." पहिल्यांदाच म्याडमची पोरगी झाले होते. मी एकदाचं विचारून टाकलं, "मामा, आमचे सर आत का येत नाहीत?"

मामा चकित झाले. "तुला ठावंच नाय?" मग त्या दोन बोटांच्या हाताने बशी धरून त्यांनी सांगितलं. "प्रेसखाली कधी कधी पत्रा अडकतो. साहेब फोरमन, मी त्यांचा मदतनीस. मी हात घालून पत्रा काढायचा, साहेबांचा पाय पेडलवर. रीत अशी की त्यांनी 'हात!' म्हणून हाक द्यायची, मी हात काढून 'काढला!' म्हणायचं, मग पेडल दाबायचं, की वरचा दाब खाली. दिवसाला शंभर वेळा. त्या दिवशी गाडी माल न्यायला येऊन उभी होती, घाई होती. साहेबांनी हाक मारली. मारली नाय असं नाय. पण हाक आणि पाय संगतीच पडला. थांबले नाय."

मी चहा खाली ठेवला.

"माझी पण चूक हाय," मामा म्हणाले. "पत्रा चिमट्यानं काढायचा असतो, हात घालायचा नसतो. पण चौकशीत साहेबांनी लिहून दिलं, सगळी चूक त्यांचीच. मला इथं स्टोअरमधी बसवलं, ते राजीनामा देऊन गेले. दवाखान्यात रोज यायचे. नंतर कधी समोर आले नाय. मी निरोप पण धाडले."

त्या दिवशी सर मला गेटवरून न्यायला आले आणि मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. इतके दिवस मी ज्याला सटकलेपणा समजत होते त्या "हात!"चा अर्थ मला कळला होता आणि स्वतःची लाज वाटत होती. ऑफिसात त्यांनी डबा मिटताना सवयीने "हात!" म्हटलं. मला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांना बरं वाटेल असं समजून मी म्हणाले, "काढला!"

सरांचा चेहरा पांढरा पडला. डब्यावरचा हात त्यांनी मागे घेतला. "ते नको," ते अगदी हळू म्हणाले. "दुसरं काहीही म्हण, घोटी. तेवढं नको."

पुन्हा मी ते कधी म्हटलं नाही.

महिन्यातले दहा दिवस उरले होते. तिसरा मेनू आम्ही दोघांनी शेजारी बसून लिहिला. खुणा कितीही करा, मिटायचं नाही. दुसऱ्या कुणी दुसरं काम उघडलं, तर आपण बाजूला व्हायचं आणि मामा परत आले की होतो तिथे पुन्हा हजर व्हायचं. क्लिक यादीच्या बाहेर पण जवळच पडलं, तर तो हाताचा घसरा समजून सोडून द्यायचा. फार लांब पडलं तरच मिटायचं, पण केलेल्या खुणा विसरायच्या नाहीत. पुढच्या वेळी उघडलं की त्या तशाच दिसल्या पाहिजेत. आता 'जवळ' म्हणजे किती जवळ? इथे सरांचं गणित अडलं. तेवढ्यात काकू डबा न्यायला आल्या. ऐकून म्हणाल्या, "त्यात काय एवढं? ब्लाउजला शिलाईच्या कडेने माया सोडतो ना आम्ही, माणूस अंगाने सुटला तर उसवायला असावी म्हणून. तशी सोडा की." सरांनी मामांची जुनी क्लिकं कुठे कुठे पडली होती ते मला पुन्हा पुन्हा विचारलं, काचेला व्हर्नियर लावला आणि म्हणाले, "बारा मिलिमीटर. चारी बाजूंनी बारा मिलिमीटर माया सोड." त्या प्रोग्रॅममध्ये त्या आकड्याला मी नावही तेच दिलं.

महिना संपला त्या दिवशी मॅनेजर हातात यादी घेऊन मामांच्या मागे उभे राहिले. बारा वस्तू होत्या. मी भिंतीला टेकून उभी. मामांनी मेनू उघडला. एक खूण, दोन खुणा. चौथ्याला माऊस घसरला, बाण कडेच्या बाहेर गेला आणि क्लिक पडलं. माझे डोळे मिटले. उघडले तर मेनू जागेवर. मामांनी बाण परत आत आणला आणि पुढची खूण केली. सात झाल्या आणि खिडकीशी एक कामगार ओरडायला लागला, "मामा, हातमोजे द्या आधी, लाइन उभी हाय!" मामा उठले. मामांनी हातमोजे काढले, मोजून दिले, दोन शब्द सुनावले, परत येऊन खुर्चीत बसले. सात खुणा वाट बघत होत्या. आठवी, नववी, दहावी. बारावी झाल्यावर मामांनी 'झालं' दाबलं आणि मोठ्याने म्हटलंही, "झालं."

चिठ्ठी छापून बाहेर आली. मॅनेजरांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. "ठीक आहे," ते म्हणाले. "इथेच बसा, मामा."

मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "पळाली नाय गं."

मी गेटबाहेर धावत गेले. सर टपरीवर पाठ करूनच बसले होते, समोर चार रिकामे ग्लास. मी काही म्हणायच्या आत त्यांनी विचारलं, "मध्ये मिटला का?" नोकरी राहिली का, हे नाही विचारलं. मी म्हटलं, "नाही सर. मामा मध्ये उठून गेले तरी नाही मिटला." सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मग माझी पिशवी डिकीत ठेवली, "हात!" म्हणाले आणि मी "हो सर" म्हणेपर्यंत उभे राहिले.

त्यानंतर मी चार-पाच वर्षं तिथे होते. तो मेनू आमच्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये गेला. काही गिऱ्हाइकं कुरकुर करायची, हा पटकन का मिटत नाही म्हणून. सर म्हणायचे, तुम्हाला कुठे जायचंय? मग माझं लग्न झालं, मी पुण्याला मोठ्या कंपनीत लागले. तिथे मेनू जगासारखेच मिटायचे आणि त्यावर कुणी चर्चा करत नसे. गाडीचं दार लावताना माझ्या तोंडून "हात!" निघायचं आणि नवरा म्हणायचा, तुझा साहेब तुझ्यात उतरलाय.

मामांचा फोन आला तो त्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यात. "शुक्रवारी निरोप हाय. तू ये. आणि साहेबांना घेऊन ये. गेटपर्यंत नाय, आत. नाय आले तर मी शाल घेणार नाय, सांग त्यांना."

सर आता पूर्ण पांढरे झाले होते, पण स्कूटर तीच. टपरीपाशी आल्यावर त्यांनी ती नेहमीच्या जागी लावली आणि बाकावर बसले. "दोन चहा," म्हणाले.

"चहा आत आहे, सर."

"एक घेऊ."

एक घेतला. दुसरा घेतला. मग ते उठले, व्हर्नियर खिशात नीट बसवला आणि गेटकडे तोंड करून चालायला लागले. प्रेसशॉपवरून जाताना आतून तो धाड् धाड् आवाज येत होता. प्रत्येक ठोक्याला त्यांची पावलं अडखळत होती. मी त्यांचा हात धरला आणि त्यांनी तो धरू दिला.

स्टोअरमध्ये पंधरा-वीस माणसं जमली होती. मामा नवा शर्ट घालून उभे होते. दोघं एकमेकांसमोर आले. मामाच म्हणाले, "लय वाळलात, साहेब." मग त्यांना हाताला धरून कॉम्प्युटरपाशी नेलं. सोमवारपासून तिथे नवी सिस्टिम बसणार होती, आमचा प्रोग्रॅम त्या दिवशीच संपणार होता. पडद्यावर आमचा मेनू उघडा होता, मामांची शेवटची चिठ्ठी, पाच-सहा खुणा केलेली.

"सकाळधरनं उघडा ठेवलाय," मामा म्हणाले. "झालं तुम्ही दाबायचं."

सर खुर्चीत बसले. माऊसवर हात ठेवला, बाण 'झालं'वर नेला. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हात!"

जमलेली माणसं हसली. मी नेहमीसारखं "हो सर" म्हणायला तोंड उघडलं. मामांनी त्यांचा दोन बोटांचा हात माझ्या दंडावर ठेवून मला थांबवलं. सर थांबले होते, तसेच, बटणावर बोट ठेवून, पाठमोरे.

"काढला, साहेब," मामा म्हणाले. प्रेसशॉपमध्ये देत असतील तसा खणखणीत आवाज होता. मग जवळ जाऊन हळूच म्हणाले, "कधीचाच काढला. तुम्हीच थांबून राह्यला. दाबा आता."

सरांचे खांदे हलायला लागले. मामा त्यांच्या पाठीवर तो हात ठेवून उभे राहिले. बऱ्याच वेळाने क्लिक ऐकू आलं आणि यादी मिटली.

निघताना मामांनी त्यांच्या निरोपातला नारळ जबरदस्तीने सरांच्या हातात दिला. टपरीपाशी येऊन सरांनी तो डिकीत ठेवला. मी सवयीने बाजूला उभी राहून हाकेची वाट बघत होते. त्यांनी माझे दोन्ही हात कुठे आहेत ते एकदा नीट पाहून घेतलं, काही न बोलता डिकी खाडकन लावली आणि किक मारली. त्यांनी काही आवाज करून बंद केलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.